गाठोड्यातल्या चिंध्या

दिवाळी सरली. गोधडी शिवून झाली. तिच्यात दोन जुनी लुगडी गेली, एक धोतर गेले. तरी चिंध्यांचे एक गाठोडे उरलेच.

सासू म्हणाली, "न्हाणीच्या चुलीत घालते. पाणी तरी तापेल."

सुनेला सातवा महिना होता. बाळ पौषात येणार. थंडीचे दिवस. बाळाला दुपटे हवे. विकत आणावे, तर हाती पैसा नव्हता. ज्वारी निघायला अजून अवकाश होता.

सून म्हणाली, "आत्याबाई, जाळू नका. आधी निवडून तर बघू."

दोघींनी गाठोडे सोडले. प्रत्येक तुकडा हाताने ताणून पाहिला. विरलेला तुकडा लगेच फाटतो. त्याला टाका धरत नाही. तो शिवला तर मेहनत फुकट जाते.

मग तीन ढीग केले.

पहिला ढीग मऊ, सुती, वीतभर तुकड्यांचा. दुसरा लुगड्यांच्या काठांचा आणि जाड कापडाचा. तिसरा विरलेल्या आणि बारीक चिंध्यांचा. टेरिकॉट, नायलॉनचे तुकडे बाजूला ठेवले. ते घाम टिपत नाहीत. विस्तवाजवळ वितळतात आणि हाताला चिकटतात.

पहिला ढीग बाळाचा. सुनेने तुकडे गरम पाण्यात धुतले. कडक उन्हात वाळवले. रात्रीच्या वर्गात ती हिशेब शिकली होती. पाटी घेऊन बसली.

एक वीत म्हणजे १२ बोटे. शिवताना तुकड्याची प्रत्येक बाजू अर्धे बोट आत जाते. म्हणजे तुकडा ११ बोटांचा उरतो. एका ओळीत ४ तुकडे. अकरा चोक चव्वेचाळीस. दुपटे ४४ बोटे रुंद होईल. दोन हात म्हणजे ४८ बोटे. दोन हातांना ४ बोटेच कमी. अशा ४ ओळी. चार चोक सोळा. १६ तुकडे हवेत.

तिने तुकडे मोजले. १५ भरले.

"एक कमी पडतो, आत्याबाई."

सासू काही बोलली नाही. उठली. पेटी उघडली. तळाशी सासऱ्यांचा फेटा होता. तीन वर्षे तो कुणी उलगडला नव्हता.

"ह्यातला घे एक तुकडा."

"नको, आत्याबाई. तेवढीच त्यांची आठवण आहे."

"पेटीत राहून उंदीर कुरतडतील. लेकराच्या अंगावर राहू दे."

सासूने आपल्या हाताने तुकडा कापला. त्याला ऊन दाखवले. तो मधल्या भागात लावला. खाली धोतराच्या मऊ तुकड्याचे अस्तर दिले. शिवणी आतल्या अंगाला घेतल्या. वर शिवण आली तर बाळाला टोचते.

दुसऱ्या ढिगातले काठ लांब आणि मजबूत होते. ते एकाला एक जोडून बाजारची पिशवी झाली. काठाचेच बंद लावले. जाड कापडाची चौपदरी घडी करून चारी बाजूंनी टाके घातले. चुलीवरचे भांडे उतरवायला दोन घड्या झाल्या. उरलेल्या पट्ट्या पिळून गोल गुंडाळल्या. वरून कापड लपेटले. घागरीखाली घ्यायला चुंबळ झाली.

तिसऱ्या ढिगातल्या चिंध्या धुऊन, वाळवून, बारीक कातरून उशीत भरल्या. ही उशी मोठ्या माणसांची. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली उशी देऊ नये. दुपटेही तोंडावर येऊ देऊ नये.

संध्याकाळी न्हाणीच्या चुलीत तुराट्या घातल्या. गाठोड्याचे फडके तेवढे रिकामे उरले. सासूने तेही झटकले. घडी करून ठेवले. म्हणाली, "भाकरी बांधायला होईल."

सांगा पाहू

१. कापडाचे तीन ढीग कशासाठी केले?

२. एका ओळीत ५ तुकडे, अशा ५ ओळी घेतल्या, तर किती तुकडे लागतील? दुपटे किती बोटे रुंद होईल?

३. तुमच्या घरातले गाठोडे सोडा. त्यातून काय काय होईल, ते पाटीवर लिहा.