उभ्या सायकलची राखण

गोंदियात इलेक्ट्रॉनिक गिअरच्या सायकली मोजक्याच दिसतात. ही ई-सायकल नव्हे. पायडल आपणच मारायचं. चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवण्याचं काम तेवढं केबलच्या ताणाऐवजी छोटी मोटर करते. शिमानो कंपनीची डी-आय-टू ही यंत्रणा २००९ च्या सुमारास आली, स्रॅम कंपनीची बिनतारी ई-टॅप २०१५ मध्ये. नवेगावबांध, हाजरा फॉल, चोरखमारा या वाटांवर अशी सायकल चालवून माझं मत पक्कं झालं आहे: हे गिअर धावताना क्वचित बिघडतात, उभ्या सायकलवरच त्यांना मार बसतो.

१. सायकलची उजवी बाजू जपा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, त्याच बाजूला बाहेर आलेला असतो. तो फ्रेमला हँगर नावाच्या छोट्या तुकड्याने जोडलेला असतो. हँगर मुद्दाम नरम धातूचा करतात, म्हणजे धक्का बसला तर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. पण अकरा-बारा चकत्या एकमेकींना इतक्या लागून असतात की हँगर किंचित वाकला तरी चेन अडखळते. साध्या गिअरमध्ये आपण बोटाने थोडं जास्त-कमी ओढून वेळ मारून नेतो. मोटर तसं करत नाही. ती दर वेळी ठरलेलंच अंतर सरकते, त्यामुळे हँगर वाकला की नेमकी चुकीच्या जागी जाऊन थांबते. लोक मग बॅटरीला दोष देतात, मोबाइलवर सेटिंग बदलत बसतात. आधी सायकलच्या मागे बसून पाहा: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं चकतीच्या सरळ रेषेत आहेत का? नसतील तर हँगर सरळ करून घ्या.

२. भिंतीला टेकवायची तर डावी बाजू भिंतीकडे. मागचं चाक आणि सीट दोन्ही टेकली पाहिजेत. नुसतं हँडल टेकवलं की पुढचं चाक वळतं आणि सायकल घसरते. स्टेशनजवळच्या किंवा बाजारातल्या स्टँडवर रांगेचं टोक धरा आणि उजवीकडे कोणी येणार नाही असं पाहा. रांगेत शेजारच्याचं पायडल सरळ आपल्या डिरेलरमध्ये अडकतं, आणि तो बिचारा घाईत सायकल हिसकून काढतो. स्टँडवाल्या काकांना आधीच सांगून ठेवा, "काका, सरकवायची असेल तर सीटला धरून उचला, मागून ओढू नका." प्रेमाने सांगितलं की ते ध्यानात ठेवतात. रोवणीच्या दिवसांत बांधावर साइड स्टँड लावू नका, मऊ मातीत तो रुततो. आणि वानरं असतील तिथे सायकल नजरेआड ठेवू नका.

३. उतरण्याआधी चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर घ्या. डिरेलर आत, फ्रेमच्या आडोशाला जातो.

४. हँडलवरची कळ कशाने दाबली जात नाही ना, ते पाहा. पिशवी, दुसऱ्या सायकलचं हँडल, घट्ट बांधलेली दोरी, काहीही चालतं तिला. कळ दबून राहिली की बॅटरी उतरते.

५. उंदीर. आपला जिल्हा धानाचा. घरात पोती, अंगणात तणस, आणि दोन्हींच्या मागे उंदीर. ते वायर कुरतडतात, आणि डी-आय-टूची वायर बारीक असते. बरीचशी फ्रेमच्या आत असली तरी डिरेलरपाशी थोडी उघडी राहते, नेमकी जमिनीजवळ. म्हणून मळणीनंतर धान घरात आलं की सायकल पोत्यांच्या खोलीत नको. भिंतीवर हुक ठोकून ती उंच टांगा. खाऊचे तुकडे राहिलेली पिशवीही फ्रेमला अडकवून ठेवू नका. वासावर उंदीर चढतो आणि मग वायरही सोडत नाही. विष ठेवण्यापेक्षा मला हुक बरा वाटतो, घरात लहान मुलं असतात.

६. मे महिन्यात सायकल उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. पावसाळ्यात सायकल बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी पार उतरलेली ठेवू नका. चिखल धुताना सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा डिरेलरवर मारू देऊ नका. बादली आणि ब्रश पुरतात.

७. रेल्वेने सायकल पाठवताना मागचा डिरेलर हँगरपासून सोडवा, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधा. बहुधा पाच मिलिमीटरच्या षटकोनी चावीने तो सुटतो. स्रॅमच्या बॅटऱ्या काढून जवळ ठेवा, कारण हलण्याने ती यंत्रणा जागी होते आणि डब्यात रात्रभर जागीच राहते.

८. सायकल पडलीच आणि गिअर बदलेनासे झाले तर घाबरू नका. जोराचा धक्का बसला की डी-आय-टूचा डिरेलर स्वतःला वाचवण्यासाठी मोटरपासून सुटा होतो. तो पुन्हा जोडण्यासाठी बटण दाबून धरण्याची रीत मॉडेलनुसार थोडी वेगळी असते. पुस्तिकेतलं ते पान फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. पण आधी हँगर पाहा. वाकलेल्या हँगरवर गिअर बदलत राहिलात तर डिरेलर चाकाच्या आऱ्यांत शिरू शकतो. हँगर बहुतेकदा फ्रेमप्रमाणे वेगळा असतो, इथल्या दुकानात तो सहसा मिळत नाही. सायकल घेतानाच एक जादा मागून घ्या आणि सीटखालच्या पिशवीत ठेवून द्या.