शेतकरी नवऱ्याची मिळकत कोर्टापुढे कशी मांडायची?

प्रश्न : मी मुलाला घेऊन अकोल्यात माहेरी राहते. नवरा तेल्हारा तालुक्यात शेती करतो. पोटगीचं नाव काढलं की म्हणतो, "शेत बाबांच्या नावावर आहे, कपाशीत खर्चही निघाला नाही." पगारपत्रक नसलेल्या माणसाची मिळकत सिद्ध कशी करायची?
— एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पगाराची पावती नाही, त्यामुळे 'काहीच नाही' असं म्हणून मोकळं होता येतं. वऱ्हाडातल्या कितीतरी बायका इथेच हरतात. पण कागद असतात, ते मागावे लागतात.

तुमच्या कामाचा निकाल आपल्या विदर्भातूनच गेलेला आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात 2013 साली झालेल्या अर्जावरून 'रजनेश विरुद्ध नेहा' हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालात न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा नमुनाच वेगळा आहे : जमीन किती, तीत हिस्सा किती, कोरडवाहू की ओलिताची, पिकं कोणती, बटईने केलेली आहे का, गुरंढोरं किती, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न किती. तीन वर्षं विचारली आहेत, त्यामुळे बोंडअळीच्या एका हंगामाकडे बोट दाखवून सुटका होत नाही. नवऱ्याने हे प्रतिज्ञापत्र भरलं नाही, तर ते भरण्याचा आदेश मागा.

तोवर सातबारा, आठ-अ आणि फेरफाराच्या नकला काढून ठेवा. फेरफार विसरू नका. जमीन आजोबा-पणजोबांकडून आलेली असेल, तर ती केवळ सासऱ्यांचीच असेल असं नाही, नवऱ्याचा हिस्सा दाखवता येऊ शकतो. भांडण सुरू झाल्यावर नावं बदलली असतील, तर तेही तिथेच दिसतं. सातबाऱ्यावरचा पीकपेरा हल्ली ई-पीक पाहणीत खातेदार स्वतः मोबाइलवरून नोंदवतो, म्हणून तो कमी लेखू नका. बाजार समितीतल्या विक्रीच्या नोंदी आणि बँकेचे उतारे तुम्हाला थेट मिळणार नाहीत. ते मागवण्यासाठी न्यायालयात अर्ज द्या.

प्रतिज्ञापत्र तुम्हालाही भरायचं आहे. शिवणकाम, शिकवणी, जे काही कमावत असाल ते खरं लिहा. लपवलेली छोटी रक्कम उघडी पडली की तुमच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास जातो. माझ्या मते पोटगीच्या दाव्यात यापेक्षा मोठं नुकसान नाही.

तुम्ही राहता तिथेच, म्हणजे अकोल्यात, अर्ज करता येतो. पोटगीचं पूर्वीचं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं आहे. वकिलाच्या फीसाठी थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आणि अर्ज लवकर करा. वरच्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, घर सोडल्याच्या तारखेपासून नाही.

आदेश झाल्यावर नवऱ्याने पैसे थकवले, तर तारखांवर लक्ष ठेवा. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज दिला नाही, तर त्या महिन्याच्या पोटगीसाठी कलम 144 खाली वॉरंट निघत नाही.