मोठ्या आवाजाला भुलू नकोस

अगं, सोनं शोधायचा डिटेक्टर घेतलास हे फार बरं केलंस. शनिवार-रविवारी मेलबर्नहून डनॉली, वेडरबर्नच्या रानात जाणार म्हणालीस, तेव्हाच ठरवलं की त्याआधी तुझ्याशी आवाजांबद्दल बोलायचं. कॉइल कुठली, बॅटरी किती वेळ टिकते, हे तुला दुकानात सांगितलंच असेल. पण कानात काय काय येणार आणि त्यातलं काय ऐकायचं, हे कोणी धड सांगत नाही. आणि खरं काम तर तिथंच आहे.

आधी एक समजून घे. व्हिक्टोरियाच्या या पट्ट्यात 1851 पासून माणसं माती उपसताहेत. 1869 साली मोलियागुलजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सोन्याचा प्रचंड गोळा मिळाला, तोही जमिनीखाली अगदी वरच्यावर. पुढे डिटेक्टर आले आणि 1980 मध्ये किंगोवरजवळ केव्हिन हिलियर यांना ‘हँड ऑफ फेथ’ सापडला, 27 किलोंचा. त्यानंतर त्याच रानांवरून किती जणांनी कॉइल फिरवली, त्याला गणती नाही. जे मोठ्यानं वाजत होतं ते बहुतेक केव्हाच उचललं गेलंय. आता उरलंय ते एकतर बारीक, नाहीतर खोल. दोन्हींचा आवाज हळूच येतो. म्हणून तुला कान तयार करायचाय तो हळू आवाजासाठी.

यंत्र सुरू केलंस की हेडफोनमध्ये एक बारीक, सलग गुणगुण येईल. तिला थ्रेशोल्ड म्हणतात. नव्या माणसाला ती नकोशी वाटते आणि तो ती पार बंद करून टाकतो. तू तसं करू नकोस. ती जेमतेम ऐकू येईल एवढीच ठेव आणि तिची सवय कर. तुझं गाणं झालंय म्हणून तुझ्याच भाषेत सांगते: ती गुणगुण म्हणजे तानपुरा. तो मागे सतत चालू असतो म्हणूनच सूर कुठं हलला ते कळतं. खोलवरचं सोनं ‘बीप’ असं वाजत नाही गं. ती सलग रेघ किंचित वर जाते, किंवा क्षणभर दबते, किंवा नुसती थरथरते. पुन्हा कॉइल फिरवलीस आणि त्याच जागी पुन्हा तसंच झालं, तर थांब. एकदाच झालं आणि परत आलंच नाही, तर पुढे चल. परत परत येणं ही सगळ्यात मोठी खूण.

आता गोंगाटाचं बघ, कारण पहिल्या दिवशी तू वैतागशील ती त्यानंच. कॉइल हवेत स्थिर धरलीस तरी चिवचिव चालूच असेल, तर तो जमिनीचा दोष नाही. विजेच्या तारा असतील, दूर कुठं गडगडत असेल, शेजारी दुसरा डिटेक्टर चालू असेल. यंत्राला स्वतःची वारंवारता शोधून घ्यायला सांग, तेवढ्यानं बरंचसं शांत होतं. आणि कॉइल जमिनीशी वरखाली केल्यावर आवाज चढत-उतरत असेल, तर ग्राउंड बॅलन्स बसलेला नाही, म्हणजे यंत्र तिथल्या मातीशी जुळवलेलं नाही. तिथली लाल माती लोहखनिजानं भरलेली असते. दर थोड्या अंतरानं ती बदलते, तसा बॅलन्सही पुन्हा करावा लागतो. एक मोह मात्र टाळ. जास्त खोलवर पोचावं म्हणून संवेदनशीलता शेवटपर्यंत चढवायचा. त्यानं गोंगाट वाढतो आणि तुला हवा असलेला हळू आवाज त्यातच बुडून जातो. शांत यंत्र थोडं कमी खोल ऐकेल, पण तुला ते ऐकू तर येईल.

जमिनीचा आवाज आणि धातूचा आवाज यांत पोताचा फरक असतो. जमिनीचा आवाज पसरट असतो. कुठून सुरू झाला, कुठं संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही. धातूच्या आवाजाला कडा असते. तरी शंका राहिलीच तर बुटानं वरची दोन बोटं माती बाजूला सार आणि पुन्हा ऐक. खाली खरंच धातू असेल तर आवाज आणखी टोकदार होईल, कारण तू त्याच्या जवळ गेलीस. जमिनीचाच खेळ असेल तर तो फिसकटेल, नाहीतर त्या सारलेल्या मातीबरोबर सरकेल. मला ही चाचणी बाकी सगळ्या सेटिंगांपेक्षा मोलाची वाटते. मग ते दगड, ज्यांना तिथले लोक हॉट रॉक म्हणतात. लोहाचे असतात आणि अगदी धातूसारखे बोलतात. कॉइल थोडी वर उचल. दगडाचा आवाज बहुतेक वेळा पटकन विरतो, धातूचा हळूहळू उतरतो.

तुझ्या यंत्रात, म्हणजे त्या जीपीएक्समध्ये, आवाजाला चढ-उतारही असतो. कॉइल वरून गेली की सूर आधी वर जाऊन खाली येतो, नाहीतर आधी खाली जाऊन वर येतो. कारण सोपं आहे. यंत्र जमिनीत चुंबकीय झटका सोडतं आणि तो थांबला की धातूत उठलेले प्रवाह किती वेळात विरतात ते ऐकतं. बारीक सोन्यात ते झटकन विरतात, मोठ्या भरीव तुकड्यात रेंगाळतात. म्हणून साधारणपणे बारीक सोनं वर-खाली असं बोलतं आणि मोठं खाली-वर. साधारणपणे, हं! टायमिंगचं सेटिंग बदललंस की हे गणितही बदलतं. शिवाय शिसं, तांबं, पत्र्याचा तुकडा हेही असेच बोलतात. सूर वर जातो की खाली, एवढ्यावर कुठला खड्डा सोडून देऊ नकोस.

शिशाचं तर विचारूच नकोस. त्या रानात पिढ्यानपिढ्या बंदुका चालल्यात. छर्रे, गोळ्या पावलोपावली. छर्रा आणि तेवढाच सोन्याचा कण यांतला फरक कानानं करता येत नाही. कोणाला येतो असं कोणी म्हणालं तर नुसतं हसून सोडून दे. दोन्ही खणायचे. खिळा आणि तार मात्र थोडी चाहूल देतात. लांबट वस्तू एका दिशेनं दोनदा वाजते, काटकोनात फिरून ऐकलंस तर एकदाच वाजते, किंवा आवाजाची जागाच सरकते. गोलसर तुकडा दोन्हीकडून सारखाच. पण सोनंही कधी लांबुळकं असतं. तेव्हा ही चाहूल लक्षात ठेव, निकाल समजू नकोस.

तेच यंत्रातल्या लोखंड ओळखण्याच्या सोयीचं. ती वरच्यावर पडलेल्या कचऱ्यापुरती ठीक आहे. खोलवर तिचा भरवसा नाही, आणि लोहाच्या दगडाशेजारी पडलेल्या सोन्याला ती लोखंड म्हणू शकते. तुझ्या जीपीएक्सवर मोनोलूप कॉइल लावलीस तर ती चालतच नाही. त्यापेक्षा कुदळीच्या डोक्याला चांगलं लोहचुंबक बसवून घे. आवाज जमिनीतून उठून चुंबकाला चिकटला की झाला निकाल.

अजून एक, हे आपल्या बायकांसाठीच. घरी सराव करायला अंगावरचे दागिने काढून कॉइलखाली धरशील, तर फसशील. बांगडी किंवा अंगठी हे पूर्ण वर्तुळ. त्यात प्रवाह मोकळा फिरतो म्हणून ती खणखणीत वाजते. साखळीत मात्र प्रत्येक कडी सुटी, म्हणून मंगळसूत्राची चांगली जाड साखळीसुद्धा जेमतेम वाजते. जमिनीतलं सोनं असतं ओबडधोबड, भोकं पडलेलं, चांदी मिसळलेलं. ते दोघींसारखंही बोलत नाही. सरावाला शिशाचे छर्रे घे, वेगवेगळ्या आकारांचे, आणि परसात वेगवेगळ्या खोलीवर पुरून ठेव. कुठल्या खोलीवर आवाज विरतो ते स्वतःच्या कानानं ऐक. रानात खणताना मात्र बांगड्या आणि फोन कॉइलपासून लांब असू देत, आणि बुटात लोखंडी टोपी नको.

खड्ड्यातून आवाज बाहेर आला, की माती प्लॅस्टिकच्या स्कूपमध्ये घे आणि कॉइलवरून फिरव. वाजली तर अर्धी टाक, पुन्हा फिरव. असं करत शेवटी चिमूटभर उरते. इथं घाई नको, कारण तांदळाच्या कणीएवढं सोनं मातीत माखलेलं असतं तेव्हा डोळ्यांना दिसत नाही.

आता मनातलं सांगते. गटाबरोबर गेलीस की कोणीतरी पुढे होऊन म्हणेल, ‘द्या वहिनी, मी बघतो,’ आणि तुझे हेडफोन उतरवून स्वतःच ठरवून टाकेल की हा कचरा आहे. देऊ नकोस. चांगल्या मनानं म्हणत असेल, तरी नको. कान घडतो तो ऐकलं, खणलं, बघितलं, या तिन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या तर. ‘हा आवाज असा होता आणि निघाला खिळा,’ ही जोडी तुझ्या डोक्यात बसायला हवी, दुसऱ्याच्या नाही. खिशात नुसतं शिसं घेऊन परत आलीस तर मन लहान करून घेऊ नकोस. बारीक छर्रे तुझ्या कानाला सापडताहेत, म्हणजे तेवढं सोनंही सापडेल. आणि कान थकतो, बाई. थकलेल्या कानाला सगळंच सोनं वाटतं, नाहीतर काहीच वाटत नाही. मधे बस, पाणी पी, हेडफोन काढून ठेव.

मायनर्स राइट, म्हणजे सोनं शोधायचा परवाना, काढल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. एकदा काढला की दहा वर्षं चालतो. राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी मनाई आहे, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते, आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या, जा जा वुरुंग लोकांच्या खुणा असतील तिथं कुदळ लावायची नाही. प्रत्येक खड्डा बुजवायचा, निघालेला कचरा बरोबर आणायचा.

आणि हेडफोन कानाला घट्ट लावलेस की बाकीचं जग ऐकू येत नाही, हे विसरू नकोस. तिथं तपकिरी साप असतात, जुन्या खाणींची उघडी विवरं झुडपांत दडलेली असतात. कॉइलवर नजर खिळवून मागे मागे सरकायचं नाही. प्रत्येक पट्टा संपला की एक कान मोकळा कर, चौफेर बघ, मग पुढचा पट्टा घे. कुठल्या रानात आहेस आणि किती वाजता परतणार, हे निघण्याआधी मला कळव. फोनला तिथं रेंज असेलच असं नाही.