ताकातले जिवाणू आणि कर्करोग

प्रश्न : दह्या-ताकातले जिवाणू कर्करोगाच्या पेशी मारतात, असे वाचले. वडिलांची केमोथेरपी सुरू आहे. ताक वाढवू का?
– एक वाचक, वेल्हे

उत्तर : लॅक्टोकॉकस जिवाणू ‘निसिन’ हे पेप्टाइड बनवतो. ते धनभारित, तर कर्कपेशीचे आवरण जास्त ऋणभारित. म्हणून ते तिकडे ओढले जाते. २०१२च्या एका अभ्यासात त्याने उंदरांमधल्या गाठींची वाढ मंदावली. पण घरच्या विरजणात निसिन असेलच असे नाही, आणि असले तरी आतड्यात पचून जाते. ताक हे औषध नव्हे. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून १९४० साली मिळालेले ॲक्टिनोमायसिन-डी मात्र खरे औषध आहे. मुलांच्या मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरवर ते आजही शिरेतून देतात. वडिलांच्या पांढऱ्या पेशी घटल्या असतील, तर घरचे ताक देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा. उपचार मात्र थांबवू नका.