मुद्रेवरून वेदनेचे मापन

मुक्या जनावरास आपली वेदना सांगता येत नाही. म्हणून ती मोजावी कशी, हा शास्त्रज्ञांपुढे मोठाच प्रश्न होता. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी सन २०१० मध्ये प्रयोगशाळेतील उंदरांसाठी एक माप प्रसिद्ध केले. आवळलेले डोळे, फुगलेले नाक, फुगलेले गाल, कानांची ठेवण व मिशांची ठेवण ही त्यातील पाच लक्षणे होत. लक्षण नसल्यास ०, मध्यम असल्यास १ व स्पष्ट असल्यास २ गुण द्यावयाचे. वेदनाशामक औषध दिल्यावर हे गुण उतरतात. यावरून मापाची सत्यता पटते.

सन २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी खूर सडलेल्या व कासदाह झालेल्या मेंढ्यांसाठी असेच माप तयार केले. मेंढी आपली वेदना शक्यतो लपविते; ती लंगडू लागेपर्यंत रोग बळावलेला असतो. म्हणून मेंढपाळ बंधूंनी पुढील रीत अवलंबावी :

१. मेंढी जागी व शांत असता थोड्या अंतरावरून पाहावे.
२. डोळे अर्धवट मिटलेले, गाल ताठरलेले अथवा नाकपुड्या आवळलेल्या आहेत काय, हे निरोगी स्थितीतील मुद्रेशी ताडून पाहावे.
३. दख्खनी मेंढीचे कान मुळातच लोंबते असल्याने केवळ कानांवर विसंबू नये.

मुद्रा वेदना दाखविते, रोगाचे नाव सांगत नाही. म्हणून लक्षणे आढळताच खूर व कास तपासावी आणि पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. ग्रामसेवकांनी ही रीत वाड्यावर प्रत्यक्ष दाखवून द्यावी.