दहा ओळींच्या टेबलापलीकडे

महाराष्ट्रातील बीसीए, बी.एस्सी. संगणकशास्त्र आणि तत्सम पदवी अभ्यासक्रमांत संगणकाची अंतर्गत रचना, डेटाबेस आणि नेटवर्किंग हे विषय बहुधा वेगवेगळ्या सत्रांत शिकवले जातात. त्यामुळे जर्नलवर सही झाली आणि तोंडी परीक्षा आटोपली, की तो विषय संपला असे मानून विद्यार्थी पुढच्या विषयाकडे वळतो. अध्यापनाच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असली, तरी प्रत्यक्ष कामातील बिघाड विषयवार येत नाहीत, आणि याची जाणीव पदवीधराला पहिल्या नोकरीतच होते.

या अज्ञानाला प्रयोगशाळेतील परिस्थितीही हातभार लावते. तेथे टेबलात दहा-पंधरा ओळी असतात आणि त्या सगळ्या एकाच पेजमध्ये, म्हणजे डेटाबेस डिस्कवरून एका वेळी जेवढी माहिती उचलतो तेवढ्या तुकड्यात, मावतात. पोस्टग्रेसमध्ये हे पेज साधारणतः 8 किलोबाइटचे असते. अशा टेबलावर इंडेक्स असला काय आणि नसला काय, उत्तर तितक्याच वेगाने येते. ओळींची संख्या दहा लाखांवर गेली आणि प्रत्येक ओळ सुमारे 100 बाइटची धरली, तर मात्र इंडेक्सशिवाय बारा हजारांहून अधिक पेजे चाळावी लागतात, तर बी-ट्री पद्धतीच्या इंडेक्समुळे एक ओळ मोजक्या चार-पाच पेजांत सापडते. तीच क्वेरी लगेच पुन्हा चालवली असता बऱ्याचदा ती झटकन पूर्ण होते, कारण पेजे आता रॅममध्ये आलेली असतात. पहिल्या सत्रात पाठ केलेली मेमरीची उतरंड ती हीच.

नेटवर्कचे तर अस्तित्वच लपून राहते, कारण प्रोग्रॅम आणि डेटाबेस एकाच संगणकावर चालतात. नवशिक्या प्रोग्रॅमरच्या हातून एक चूक हमखास होते: 500 विद्यार्थ्यांची यादी मागवायची आणि मग प्रत्येकाच्या गुणांसाठी लूपमधून स्वतंत्र क्वेरी पाठवायची. एकाच संगणकावर हे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पूर्ण होते. पण डेटाबेस दूरच्या सर्व्हरवर असला आणि प्रत्येक फेरीला 20 मिलिसेकंद लागले, तर केवळ जाण्यायेण्यातच दहा सेकंद खर्ची पडतात. अशा वेळी ‘सर्व्हर स्लो आहे’ म्हणून रॅम वाढवण्याची मागणी होते, आणि ती वाढवूनही काही फरक पडत नाही. येथे खरा उपाय म्हणजे दोन्ही टेबले जॉइन करून एकदाच विचारणे.

ई. एफ. कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडले, ते वापरकर्त्याला साठवणुकीच्या तपशिलातून मुक्त करण्यासाठी. परंतु उद्या तीच यंत्रणा सांभाळणारा विद्यार्थी हा तो वापरकर्ता नव्हे, याचा विसर पाठ्यपुस्तकांनाही पडतो. नॉर्मलायझेशनच्या व्याख्या घोकण्यात जाणारा वेळ थोडा कमी करून विद्यार्थ्याने टेबलात दहा लाख बनावट ओळी भराव्यात, डेटाबेस दुसऱ्या संगणकावर ठेवावा, क्वेरी कोणत्या मार्गाने चालली हे ‘एक्स्प्लेन’ या आज्ञेने पाहावे आणि तिच्यामुळे तारेवरून किती पॅकेट गेले ते वायरशार्कमध्ये मोजावे. ट्रान्झॅक्शन अर्धवट असताना, म्हणजे कमिट करण्यापूर्वी, डेटाबेसच्या संगणकाची वीजही एकदा मुद्दाम तोडून पाहावी (अर्थात ज्यात कोणाचेही काम साठवलेले नाही अशाच संगणकाची). तो पुन्हा सुरू झाल्यावर अर्धवट बदल टेबलात दिसत नाहीत, आणि बदल डिस्कवरील टेबलात जाण्याआधी त्यांची नोंद लॉगमध्ये का लिहिली जाते हे तेव्हा उमगते.

या साऱ्यासाठी दोन जुने संगणक आणि एक नेटवर्क केबल पुरते. पोस्टग्रेस आणि वायरशार्क ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत.