व्यसन आणि मनाचा आजार : उपचार दोन्हींवर, एकाच वेळी

“आधी दारू सुटू दे, मग डोक्याचं बघू.” गंगाखेड, पालम, जिंतूरकडच्या घरांत आम्ही हे नेहमी ऐकतो. यातच तरुण मुलांची वर्षे वाया जातात.

भरतीची तयारी करणारा मुलगा अचानक घरी बसतो, रात्रभर जागतो, दारू किंवा गांजा घेतो. लोक म्हणतात, बिघडला. पुष्कळदा उदासी, भीती, झोप उडणे आधी आलेले असते. नशा हा त्यावर त्याने शोधलेला उतारा असतो. उलटही घडते. दारूने उदासी वाढते. गांजाने काहींना संशय येतो, कानात आवाज येतात. एकाच आजारावर उपचार केला, तर राहिलेला दुसरा त्याला परत ओढून आणतो.

दवाखान्यात जाताना लिहून न्या : आधी काय सुरू झाले, नशा की त्रास? नशा बंद असताना त्रास राहतो का? घरात कुणाला मानसिक आजार होता का? दारूमुळे आलेली उदासी काही आठवडे दारू बंद राहिल्यावर बरीच ओसरते. न ओसरल्यास तिच्यावर वेगळे उपचार लागतात. हे डॉक्टरांना ठरवू द्या.

घरच्यांनी हे सांभाळावे :

१. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

२. दारू सोडवायची गोळी जेवणात चोरून घालू नका. त्यावर तो प्यायला तर जिवावर बेतू शकते.

३. झोपेची गोळी आणि दारू एकत्र घेतल्यास श्वास मंदावतो. गोळ्या घरच्यांनी स्वतःजवळ ठेवाव्यात.

४. मरणाची भाषा आली तर नशा उतरायची वाट पाहू नका. एकटे सोडू नका, फवारणीचे औषध कुलपात ठेवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकारही मानसिक आजारच आहेत आणि सरकारी उपचार हा हक्क आहे. परभणीच्या शासकीय रुग्णालयात केसपेपर काढताना मनोविकार विभाग विचारा. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तेथे चोवीस तास मराठीत बोलता येते. व्यसनमुक्ती केंद्रात भरती करण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा : येथे मनोविकारतज्ज्ञ तपासतात का?

बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. पुन्हा प्यायला तरी उपचार फुकट गेले असे समजू नका. त्याला परत तपासणीला न्या.

पाचवे शील आपण विहारात घेतो. ज्याला ते पाळणे जमत नाही, त्याला टोमणे नकोत, अंगारा-धुपाराही नको. त्याच्या सोबत दवाखान्यापर्यंत जाणारे कुणीतरी हवे. प्रत्येक वस्तीतल्या महिला मंडळाने आणि तरुणांनी ही सोबत द्यावी.